खिडकीतला फोन

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे रस्ता चोर्ल्याकडे चढायला लागतो, त्या अंगाला एक कौलारू घर आहे. सोप्याच्या खिडकीच्या गजाला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली, आणि पिशवीत मोबाईल. त्या भागात हे काही नवलाचं नाही. रेंज जिथे येते तिथे फोन राहतो आणि माणसं त्याच्यापाशी जाऊन बोलतात. पण हा फोन घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या दंडावर चिकटवलेल्या सेन्सरशी जोडलेला आहे. मुलीला टाइप-1 मधुमेह. वडील पुण्याला कारखान्यात, आणि लेकीच्या साखरेची रेघ त्यांच्या फोनवर दिसते. जुलैतल्या एका रात्री एकच्या सुमाराला ती रेघ तुटली. त्यांनी घरी फोन लावला. फोन पिशवीत वाजत राहिला. कौलांवरच्या पावसात तो कोणाला ऐकू जाणार? तीन वाजता शेजारच्या घरातला पोरगा बॅटरी घेऊन चिखलातून आला आणि दार बडवायला लागला, "आज्जी, दार काढ गे!" आजीने उठून आधी नातीच्या मानेला हात लावला. कोरडी होती. मग बोटाला सुई टोचून पट्टीवर थेंब घेतला. 128. एवढंच.

काहीच झालं नव्हतं, आणि म्हणूनच ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

झालं होतं ते असं. त्या रात्री सोप्यात पाणी गळायला लागलं म्हणून अंथरूण माजघरात हलवलं. मध्ये हातभर जाडीची मातीची भिंत. सेन्सर ते फोन हा रस्ता ब्लूटूथचा. मोकळ्यावर तो साधारण 6 मीटर, म्हणजे वीसेक फूट चालतो. भिंत मध्ये आली, किंवा मूल सेन्सरचा दंड अंगाखाली घेऊन झोपलं, की तेवढाही चालत नाही. माणसाचं अंग बहुतेक पाणीच, आणि पाणी त्या लहरी गिळतं. त्यापुढचा रस्ता फोन ते वडील. तो इंटरनेटचा, त्याला टॉवर लागतो. हे दोन रस्ते वेगवेगळे आहेत हे दुकानात कोणी समजावून सांगत नाही. रेंज गेली तरी पहिला रस्ता चालूच असतो: साखर उतरली तर घरातला फोन ओरडतो, फक्त पुण्याला कळत नाही. पहिला रस्ता तुटला तर मात्र टॉवर खिडकीबाहेर उभा असला तरी कोणालाच काही कळत नाही. या घरात फोनला टॉवरसाठी खिडकीत राहणं भाग होतं आणि सेन्सरसाठी मुलीच्या उशाशी. दोन्हीकडून ओढ.

आणि एक गंमत, जी खरं तर गंमत नाही. ॲपमध्ये "सिग्नल तुटला" असा एक वेगळा अलार्म असतो. सेन्सरकडून वीस मिनिटं काही आलं नाही की तो वाजतो. पहिल्या आठवड्यात तो इतक्या वेळा वाजतो की लोक वैतागून बंद करतात आणि "साखर कमी"चा तेवढा ठेवतात. या घरीही तेच केलं होतं. माझ्या मते रात्रीसाठी हाच अलार्म आधी चालू हवा. कारण "साखर कमी"चा अलार्म गप्प असला तर त्याचे अर्थ दोन: सगळं ठीक आहे, किंवा यंत्राला काही दिसतच नाही. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच.

जुनी माणसं या सगळ्याकडे जरा तिरक्या नजरेने बघतात, आणि त्यांचं चूक नाही. एका पिढीमागे मधुमेह असलेल्या घरात परीक्षानळी असायची. 5 मिली बेनेडिक्ट, म्हणजे साखर असली की रंग बदलणारं निळं द्रावण, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि स्टोव्हवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर खूप. स्वयंपाकघरात तो वास आणि रंगाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. पण रक्तातली साखर साधारण 180च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरली तरी ती काही तासांपूर्वीची. कमी साखर त्या नळीत कधीच दिसायची नाही. ती दिसायची मुलाच्या मानेवरच्या घामात, थरथरत्या बोटांत, विनाकारण केलेल्या हट्टात. आजीचा हात आधी मानेकडे जातो तो तिथून.

आता आकडा दर मिनिटाला येतो, तरी तो रक्तातला नव्हे. कातडीखाली अर्ध्या सेंटीमीटरची केसासारखी तार असते, ती पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजते. रक्ताच्या मागे हे पाणी पाच-दहा मिनिटं असतं. साखर भरभर बदलत असेल तेव्हा हाच उशीर नडतो, म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बाण, म्हणजे साखर कुठे चालली आहे ते, बघायला शिकावं लागतं. 90 आणि बाण आडवा, तर झोपू द्यावं. 90 आणि बाण सरळ खाली, म्हणजे मिनिटाला 2 पेक्षा जास्त वेगाने उतरतंय; पंधरा मिनिटांत साठवर येईल, तेव्हा आत्ताच उठवायचं. आकडा आणि मुलाचं वागणं जुळत नसेल तर बोटाची पट्टी खरी धरायची. रात्री दंडावर भार देऊन झोपलं तरी सेन्सरभोवतीचं पाणी दबतं आणि यंत्र 55, 50 असं काहीबाही दाखवतं. कूस बदलली की दहा-पंधरा मिनिटांत रेघ आपोआप वर येते. हे ठाऊक नसलेल्या घरात पोराला मध्यरात्री उठवून साखर पाजतात आणि सकाळी 260 बघून एकमेकांवर चिडतात.

पट्टीही फसवते, आणि आमच्याकडे ती फार गोड पद्धतीने फसवते. चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. हंगामात गुऱ्हाळावर काहिलीभोवती पोरं घुटमळतात, काकवीत बोट बुडवतात. मधुमेही पोर चाटणार नाही कदाचित, पण बोट तर चिकट होतंच. त्याच बोटाला टोचलं की यंत्र 400 दाखवतं, घरचे घाबरून इन्सुलिन जादा देतात, आणि खरी साखर 120 असते. आंबा, केळं, पेढा, सगळ्याचं तेच. साबणाने हात धुऊन, कोरडे करून टोचावं. पाणी नसेलच तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्यावं.

तशीच दुसरी गैरसमजूत खायच्या वेळची. साखर 70च्या खाली आली की घरात जे गोड असेल ते पोराच्या तोंडात कोंबतात. बेळगावच्या घरात ते बऱ्याचदा कुंदा असतो, गोकाकच्या अंगाला करदंट. दोन्ही उत्तम, पण या कामाला निकामी. आटवलेलं दूध, तूप, सुकामेवा, डिंक. स्निग्ध पदार्थ साखर पोटातच रोखून धरतात. लागते ती साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर, पाण्यात विरघळवून. मुलाच्या वजनाच्या दर किलोला 0.3 ग्रॅम, म्हणजे 24 किलोच्या मुलीला सात ग्रॅम, सपाट चमच्याने दीड-दोन चमचे. पंधरा मिनिटं थांबायचं, मग बोटाला टोचून बघायचं. सेन्सरचा आकडा तोवर खालीच असतो, आणि तो बघत बघत आणखी साखर पाजण्याचा मोह आवरणं हे या आजारातलं फार अवघड काम आहे. गूळही चालतो, पण खड्याचं माप कोण ठरवणार? बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा.

सीमेवर राहण्याचे म्हणून काही खास त्रास आहेत, जे यंत्राच्या पुस्तकात सापडणार नाहीत. फोन कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी डोंगरापलीकडचा गोव्याचा. निपाणीच्या पुढे तर शेताच्या एका बांधावर कर्नाटक आणि दुसऱ्यावर महाराष्ट्र. आता रोमिंगला पैसे पडत नाहीत म्हणून लोक ते विसरलेत, पण पलीकडचा टॉवर पकडला की कोपऱ्यात इंग्रजी आर उमटतो, आणि फोनच्या सेटिंगमध्ये "डेटा रोमिंग" बंद असेल तर बोलणं होतं पण इंटरनेट बंद पडतं. रेंजच्या काड्या पूर्ण असतात, आकडे मात्र पुढे जात नाहीत. ते एकदा चालू करून ठेवावं. रुग्णवाहिकेचा 108 तिन्ही राज्यांत आहे; पलीकडचा टॉवर पकडलेला असेल तर फोन पलीकडे लागू शकतो, म्हणून पहिल्या वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगायचं, रडणं मागून. भाषेचं म्हणाल तर ॲप इंग्रजीत, शाळेची चिठ्ठी कन्नडात, आजीचं बोलणं मराठीत. मुलीच्या दप्तरात एक चिठ्ठी असते, "मला चक्कर आली, घाम आला तर ही पुडी पाण्यात घालून द्या", मराठी आणि कन्नड दोन्हींत, आणि बरोबर मोजलेल्या साखरेच्या दोन पुड्या. त्या पुड्यांना दर पावसाळ्यात पाणी सुटतं. झाकणाच्या छोट्या डबीत ठेवल्या तर टिकतात.

फोनच्या आतल्या खोड्या वेगळ्याच. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात. संध्याकाळी सगळं ठीक, रात्री दोनला ॲप झोपलेलं. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीवरची बंधनं काढायची, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्यायची, "डू नॉट डिस्टर्ब"मधून त्याला सूट द्यायची, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवायचं, आणि फोनचं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा तपासायचं. सगळ्यात महागात पडणारी चूक याहून साधी आहे. बरेच सेन्सर ज्या फोनने सुरू केले त्याच फोनशी बोलतात. वडील गणपतीला गावी येतात, हौसेने नवा सेन्सर लावतात, आपल्याच फोनने सुरू करतात, आणि तिसऱ्या दिवशी तो फोन खिशात घालून पुण्याची गाडी पकडतात. उरलेले अकरा दिवस मुलीच्या दंडावर चार-पाच हजारांचं एक बटण.

पैशाबद्दल बोललं पाहिजे, कारण घरात बोलणं तिथेच येऊन थांबतं. चौदा दिवसांचा एक, म्हणजे वर्षाला 26 सेन्सर. एवढं फार थोड्यांना झेपतं. बाकीचे पट्टीवरच राहतात आणि तीन-चार महिन्यांत एकदा, डॉक्टरकडे जायच्या आधी, एक सेन्सर लावतात. त्यात काही गैर नाही, फक्त तो कधी लावायचा याचा विचार हवा. सुट्टीत मामाच्या गावी लावला तर मामाच्या गावची साखर कळते. शाळेचा साधा पंधरवडा निवडावा, जमलं तर त्यात एखादा सण यावा. चौदातल्या निदान दहा दिवसांची नोंद असेल तर डॉक्टरांना त्यातून काही वाचता येतं. ते बघतात की 70 ते 180च्या मध्ये किती वेळ गेला. सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर छान. बेळगाव असो वा मिरज, ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत तो एक कागद मागच्या तीन महिन्यांच्या वहीपेक्षा जास्त बोलतो. वही तरी लिहावीच. सेन्सरला भाकरी दिसत नाही. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत पस्तीसेक ग्रॅम कर्बोदकं, हे वहीतच राहतं.

सेन्सरला आणखीही काही दिसत नाही. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दोन ताकदींत मिळते, मिलीला 40 युनिटची आणि 100 युनिटची. 40ला लाल टोपीची सिरिंज, 100ला नारिंगी. दुकानदाराने सहज चुकून 100ची बाटली आणि लाल सिरिंज दिली तर त्याच रेघेपर्यंत भरलेलं औषध अडीचपट होतं. यंत्र इमाने-इतबारे साखर कोसळताना दाखवेल, का ते सांगणार नाही. उन्हाळ्यात अथणीकडे चाळीस अंशांत फ्रिज बंद पडला तर इन्सुलिन नासतं, तेही त्याला ठाऊक नाही. त्याला फक्त "हल्ली साखर चढीच असते" एवढं कळतं. माठाच्या तळाशी कोरड्या डबीत ठेवलेली बाटली उघड्यावरच्या बाटलीपेक्षा चांगली राहते. बर्फाला मात्र टेकवायची नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

घरात यंत्राशी जोडलेलं मूल मधुमेहाचंच असतं असं नाही; ज्या घरात मूल ऑक्सिजनवर आहे तिथे गणित विजेचं. अपुऱ्या दिवसांची, फुफ्फुसं कच्ची राहिलेली बाळं कधीकधी महिनोन्महिने घरी मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजनवर असतात. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, पाच लिटरचा, बाळाला लागतो अर्धा, पण यंत्र वीज जवळपास तेवढीच ओढतं, तीनशे-साडेतीनशे वॅट. 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास. प्रत्यक्षात तीन-चार तासांत ती मान टाकते, आणि खानापुरात पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की करंट दुसऱ्या दिवशी येतो. त्यापेक्षा ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर बरा. त्यात दीड हजार लिटर, अर्ध्या लिटरने पन्नास तास. साखळीने भिंतीला उभा बांधायचा, चुलीपासून लांब, आणि रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही. बाळाच्या पायाला लावायचं, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर फोनवर आकडा पाठवतं, पण पाय गार पडला किंवा बाळ लाथा झाडत असलं की खोटंच कमी, 82 दाखवतं. पाय चोळून गरम करावा, नाडीची रेघ स्थिर झाल्यावर मिनिटभर थांबून आकडा घ्यावा. मोठ्यांचा चिमटा लहान बोटाला लावू नये. ऊसतोडीनंतर रानात पाचट पेटतं त्या दिवसांत कॉन्सन्ट्रेटरची जाळी आठवड्याची वाट न बघता धुवावी. काळं पाणी निघतं.

या सगळ्यात मुलं काय म्हणतात? खानापूरची ती मुलगी शाळेतून आली की पहिला प्रश्न पुण्याहून येतो, "काय खाल्लंस?" रेघ वर गेलेली असते ना. घरात पेरू फोडला तर पुण्याला कळतं. तिला हा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाटायला लागला आहे. 110 आला की दाखवते, 240 आला की फोन उशीखाली. एकदा तिने फोन मुद्दाम घरी ठेवला आणि दुपारभर नदीवर गेली. सेन्सरने आठ तासांची नोंद पोटात धरून ठेवली होती, संध्याकाळी फोनजवळ आल्यावर सगळी सांडली. म्हणजे चोरीही जमली नाही! वडिलांचंही चूक म्हणवत नाही. दोनशे मैलांवर बसून बाप म्हणून करण्यासारखं त्यांच्या हातात तेवढंच आहे. पण काही घरांत ठरवून घेतात की 70च्या खाली किंवा 300च्या वर गेल्याशिवाय दूरच्या माणसाने फोन करायचा नाही. ते मला शहाणपणाचं वाटतं. पाळणं कठीण असतं हेही खरं.

खिडकीचा तिढा शेवटी शेजारच्या त्याच पोराने सोडवला. एक जुना स्मार्टफोन घेतला, त्यात सिम घालून तो पिशवीत खिडकीत टांगला आणि त्याचं हॉटस्पॉट चालू केलं. सेन्सरचा फोन मुलीच्या उशाशी. त्याला इंटरनेट खिडकीतून मिळतं. वायफाय मातीच्या भिंतीतून ब्लूटूथपेक्षा बरं पोचतं, फक्त हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर ठेवायचं. कोणी जोडलेलं नसलं तर आपोआप बंद होण्याची सोय असते, ती काढून टाकायची. दिवेलागणीला दोन्ही फोन चार्जिंगला, कारण त्यानंतर विजेचा भरवसा नाही. सिग्नल तुटल्याचा अलार्म आता चालू. कौलं शाकारून झाली आहेत, अंथरूण पुन्हा सोप्यात आलं आहे.

पहिल्या रात्री काहीच वाजलं नाही. सकाळी साडेसहाला पुण्याहून फोन आला. रात्रभर रेघ सरळ होती, 120च्या आसपास, एकदाही वाकली नव्हती. ते विचारत होते, रात्री फोन कसा वाजला नाही, सेन्सर बंद तर पडला नाही ना, एकदा बोटाला टोचून बघाल का.

आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "टोचूलंय की. हात धुऊन येऊ दे तिला."